तिसऱ्या खणातला चहा

बँकेतल्या माझ्या टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात बँकेची मालमत्ता असते: शिक्के, शाईचा पॅड, टाचण्या आणि 'काउंटर बंद आहे' ही पाटी. दुसऱ्यात माझी खाजगी मालमत्ता: चष्म्याचं घर, पित्ताच्या गोळ्या आणि सौभाग्यवतींनी वेळोवेळी लिहून दिलेल्या भाजीच्या याद्या. या याद्या मला नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडतात. तिसऱ्या खणाला कुलूप असतं. गेल्या वर्षी इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांची नजर नेमकी त्या कुलपावर गेली.

"यात काय आहे?"

"चहा." मी म्हणालो.

इन्स्पेक्शनच्या साहेबांना खरं उत्तर ऐकायची सवय नसते. त्यांनी खण उघडायला लावला. आतून पाच डबे निघाले. स्टीलचे, गोल, हळदीकुंकवाला वाटतात तसले. प्रत्येकावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: दार्जिलिंग पहिली खुडणी, दार्जिलिंग दुसरी खुडणी, आसाम, निलगिरी, कांगडा. साहेबांनी एकेका डब्याचं झाकण काढून वास घेतला. संशयित नोटसुद्धा आम्ही इतक्या बारकाईने तपासत नाही.

"ही मालमत्ता कोणाची?"

"माझी."

"मग बँकेच्या खणात कशी?"

"मीही बँकेच्याच खुर्चीत असतो, साहेब."

यावर काय शेरा मारावा हे त्यांना सुचेना. तेवढ्यात मी किटलीत पाणी ठेवलं होतं. दुसऱ्या खुडणीचा एक कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्या अहवालात शाखेचे पुष्कळ दोष निघाले, कॅशच्या पिंजऱ्याचं दार करकरतं इथपर्यंत. पण तिसऱ्या खणाचा त्यात उल्लेख नव्हता. जाताना पैसे काढायच्या स्लिपेत बांधलेली चहाची एक पुडी त्यांच्या बॅगेत गेली. विनानोंद झालेला त्या दिवशीचा तो एकमेव व्यवहार.

हे व्यसन मला लागलं ते माझ्या मेहुण्यामुळे. तो लष्करात. सिलीगुडीकडे बदली असताना सुटीवर येताना त्याने दार्जिलिंगचा पाव किलो चहा आणला. आमच्याकडे तो रीतसर झाला: आलं, वेलदोडा, गवती चहाची काडी, भरपूर दूध, वर चार उकळ्या. सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, "रंग नाही, कडकपणा नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर हे बुडीत खातं." उरलेला चहा मोरीत जाणार होता, तो मी बँकेत नेला. घरात मला प्रयोग करायला परवानगी नसते. बँकेत विचारतो कोण?

पुडक्यावर बारीक अक्षरात सूचना होती: पाणी उतरवून मग पत्ती घाला, झाकून तीन मिनिटं ठेवा, दूध नको. आता बँकेत तीन मिनिटं मोजायला घड्याळ लागत नाही. आमचा संगणक सुरू केल्यापासून पहिला ग्राहक दिसेपर्यंत तितकाच वेळ जातो. मी झाकण उघडलं आणि खरं सांगतो, बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर इतका चांगला वास पहिल्यांदा आला.

मग एकाचे पाच डबे झाले. फेब्रुवारी-अखेरपासून एप्रिलपर्यंत दार्जिलिंगला जी पहिली खुडणी होते तिचा चहा फिका, हिरवट, लाजाळू, नव्याने लागलेल्या ऑफिसरसारखा. पाणी जरा जास्त कढत झालं की कडवट होतो. दुसरी खुडणी मे-जूनची. तिला पिकलेल्या द्राक्षांसारखा वास असतो आणि त्यात मोठा वाटा असतो तुडतुड्यांचा. हे किडे पानं चावतात, झाड बचावासाठी काही द्रव्यं तयार करतं आणि त्यातून तो सुगंध येतो. आमच्याकडे पिकावर तुडतुडे पडले की शेतकरी कपाळाला हात लावतो, पाठोपाठ आमचं कर्जखातं लावतं. दार्जिलिंगला त्याच किड्याच्या जातभाईंमुळे भाव वाढतो. आसामचा चहा दणकट, दूधही सोसतो. निलगिरीचा मनमिळाऊ. कांगड्याचा चहा मात्र मी थोडा मान देऊन पितो. १९०५ च्या भूकंपात ते खोरं उद्ध्वस्त झालं, मळेवाले सोडून गेले आणि तरी तिथे चहा शिल्लक राहिला. अशा खात्याला आम्ही 'पुनर्रचित' म्हणतो.

डब्यांवरच्या इंग्रजी अक्षरांचंही मला अप्रूप. ओ.पी., बी.ओ.पी., एफ.टी.जी.एफ.ओ.पी. आमचे जुने ऑफिसर नावापुढे बी.कॉम., सी.ए.आय.आय.बी. लावत, त्यातलाच प्रकार. ओ.पी. म्हणजे ऑरेंज पेको. यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काडीचा संबंध नाही आणि पेको हा कळीवरच्या पांढऱ्या लवेसाठीच्या चिनी शब्दाचा अपभ्रंश. म्हणजे नाव एक आणि आत माल दुसराच. बँकेतल्या योजनांची नावं ठेवणाऱ्यांनी हे चहावाल्यांकडूनच उचललं असावं.

माझ्या टेबलाशी हळूहळू गर्दी जमू लागली. पहिल्यांदा लोन सेक्शनच्या ताई आल्या, मग पासबुक छापणारा पोरगेला क्लार्क, मग क्लिअरिंगवाले. दोन महिन्यांत आमच्या दहा जणांच्या शाखेत सात जण 'पत्तीवाले' झाले. हेडकॅशियर मात्र बधले नाहीत. ते पिंजऱ्यातून म्हणाले, "अहो, हे असलं गवताचं पाणी पिणं साहेबलोकांचं काम. क्लार्कने अमृततुल्यचा चहा प्यावा आणि टोटल मारावी."

हे मला लागलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास हा विषय मी शाळेत ज्या वेगाने सोडला त्या वेगाने पुढे कधी बससुद्धा पकडली नाही. पण कचेरीत चांगला चहा पिण्याचा हक्क क्लार्कचा आहे की नाही, या मुद्द्यावर मी वाचनालयाचं कार्ड नव्याने काढलं. आणि वाचकहो, पहिल्याच आठवड्यात जे हाती लागलं ते मी झेरॉक्स करून पिंजऱ्याच्या काचेवर चिकटवणार होतो.

लंडनच्या आरमारी कचेरीत सॅम्युएल पीप्स नावाचा एक सत्तावीस वर्षांचा गृहस्थ होता. हुद्दा: क्लार्क ऑफ द ॲक्ट्स. (हा हुद्दा वरिष्ठ होता, साधा क्लार्क नव्हे, हे मी हेडकॅशियरांना सांगितलं नाही.) हा माणूस रोजनिशी लिहायचा, तीही लघुलिपीत, म्हणजे बायकोला वाचता येऊ नये. २५ सप्टेंबर १६६० च्या नोंदीत तो लिहितो की आज कचेरीत बसलो असताना चहा नावाचं चिनी पेय मागवलं, आजवर कधी प्यालो नव्हतो. बस्स, एवढंच. चव कशी होती, पैसे कोणी दिले, कपबशी होती की नव्हती, काही नाही. पण आमच्या दृष्टीने मुद्दा सिद्ध झाला. त्या थोर रोजनिशीत चहा पहिल्यांदा येतो तो राजवाड्यात नाही, दिवाणखान्यात नाही, कचेरीत. आणि 'मागवलं' हा शब्द बघा. म्हणजे तेव्हाही कोणीतरी किटली घेऊन जिना चढत असणार.

सात वर्षांनी, जून १६६७ मध्ये, पीप्स एकदा घरी आला तर त्याची बायको चहा करत होती. औषधवाल्याने तिला सर्दीवर तो घ्यायला सांगितला होता. कचेरीत चैन आणि घरात काढा, ही चहाची विभागणी तेव्हापासूनची.

याच दोन तारखांच्या मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिने दरबारात चहाची आवड रूढ केली असं सांगतात. जहाजातून उतरल्यावर तिने चहा मागितला आणि तो कोणाकडे नसल्यामुळे बिअर पुढे आली, अशीही एक कथा आहे. सासरच्यांनी मागितलेलं वस्तू पुढे न येण्याची ही रीत आपल्याकडे उलटी आहे, एवढंच. पण या लग्नाच्या हुंड्यात आपली मुंबई होती, हे विसरू नका. एका सुटकेसमध्ये चहाची आवड आणि दुसऱ्या सुटकेसमध्ये मुंबई. नवरदेव चार्ल्स दुसरा सतत कर्जात. त्याने १६६८ मध्ये ती मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली आणि त्याच सुमारास कंपनीकडून पन्नास हजार पौंड सहा टक्के व्याजाने उचलले. आमच्या लोन सेक्शनच्या ताईंनी हे वाचून एकच प्रश्न विचारला, "तारणाचं मूल्यांकन कोणी केलं होतं?"

परंतु ज्या माणसासाठी मी वाचनालयाची वर्गणी पुन्हा भरली, तो चार्ल्स लॅम. हा खराखुरा क्लार्क. वयाच्या सतराव्या वर्षी, १७९२ मध्ये, लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेब खात्यात लागला आणि १८२५ मध्ये सुटला. तेहतीस वर्षं! त्याच इमारतीत कंपनीच्या चहाचे लिलाव होत. चिनी चहाचा मक्ता कंपनीकडे, त्यामुळे सगळे व्यापारी तिथे जमत आणि बोलीच्या वेळी असा आरडाओरडा चाले की रस्त्यावर ऐकू जाई. वर हा बिचारा चहाच्या पेट्या, नीळ, कापड यांचे आकडे मांडत बसलेला. आणि याच लॅमने फावल्या वेळात इंग्रजीतले अत्यंत गोड असे खुसखुशीत निबंध लिहिले, तेही दुसऱ्या एका क्लार्कचं आडनाव उसनं घेऊन. 'एलिया' हे त्याचं टोपणनाव म्हणजे एका जुन्या सहकाऱ्याचं आडनाव! स्वतःच्या खऱ्या ग्रंथांविषयी तो म्हणे, की ते लेडनहॉल स्ट्रीटच्या फळ्यांवर आहेत, म्हणजे कंपनीच्या लेजरांच्या बाडांत. साहेबाने 'तुम्ही उशिरा येता' म्हणून टोकल्यावर 'पण निघतो किती लवकर ते बघा ना' असं उत्तर त्याने दिलं, असंही सांगतात. हे उत्तर मी एकदा वापरून पाहिलं. इतिहासाची पुनरावृत्ती होत नाही.

लॅमच्या एका निबंधात जुन्या चिनी कपबश्या पुढ्यात घेऊन तो दुपारचा हायसन चहा पितो. हिरवा आणि कशातही न मिसळलेला. सोबतीला असते 'चुलतबहीण ब्रिजेट'. ही ब्रिजेट म्हणजे प्रत्यक्षात त्याची सख्खी मोठी बहीण मेरी. तिला वेडाचे झटके येत. १७९६ साली असल्याच एका झटक्यात तिच्या हातून आईचा जीव गेला. लॅम तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात कायमचं टाकू दिलं नाही, तिची हमी घेतली, लग्न केलं नाही आणि जन्मभर तिला सांभाळलं. झटका येणार असं दिसलं की दोघं भावंडं हातात हात घालून इस्पितळाकडे चालत जात. बरी झाली की परत. ती तेहतीस वर्षांची नोकरी म्हणजे नुसता आकडेमोडीचा कंटाळा नव्हता. महिन्याचा पगार लागत होता. मी तो निबंध बँकेत, साडेतीनच्या सुमारास वाचला आणि त्या दिवशी चहा पाच मिनिटं भिजून कडू झाला तरी तसाच प्यालो.

हेडकॅशियरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी लॅमबद्दल दोन प्रश्न विचारले. "पेन्शन किती बसलं?" मी म्हणालो, पगाराच्या दोन तृतीयांश. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि नोटा मोजायला लागले.

वाणिज्य पदवीधराला जमेच्या बाजूवर थांबून चालत नाही. नावे बाजूही पाहावी लागते आणि चहाची नावे बाजू काळी आहे. कंपनी चीनकडून चहा घेई आणि चीन मागे रोकड चांदी. ही चांदी वाचवायला हिंदुस्थानातली अफू चीनच्या किनाऱ्यावर पोहोचवली गेली. बंगालची कलकत्त्याहून, माळव्याची आपल्या मुंबईहून. तिथल्या सरकारने अफू अडवली तेव्हा १८३९ ते १८४२ युद्ध झालं. म्हणजे लॅमच्या लेजरात एका पानावर चहा होता आणि कुठल्यातरी दुसऱ्या पानावर त्याचा ताळा जुळवणारी अफू.

तसाच आमच्या आसामच्या डब्याचा हिशेब. आसामात चहाची झाडं आहेत हे साहेबांनी शोधलं असं पुस्तकं सांगतात. सिंगफो लोक तो आधीपासून पीत होते, त्यांना आपण काही शोधलंय याची कल्पना नव्हती. आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या जानेवारी १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. त्याच वर्षी निघालेल्या आसाम कंपनीत मणिराम दिवाण नावाचा एक हुशार आसामी गृहस्थ दिवाण म्हणून लागला, महिना दोनशे रुपयांवर. काही वर्षांत त्याने नोकरी सोडून स्वतःचे चहाचे मळे घातले. हिंदी माणसाने घातलेले हे पहिले मळे. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणाऱ्या माणसाकडे त्या साहेबांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल, हे आम्हा पगारी लोकांना वेगळं सांगायला नको. १८५७ च्या उठावात तो सामील असल्याचा ठपका आला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये जोरहाटला त्याला फाशी दिलं. त्याचे मळे लिलावात निघाले. आसामच्या डब्यावरची चिठ्ठी मी तेव्हापासून बदलली. नुसतं 'मणिराम' लिहिलंय. क्लिअरिंगवाल्यांना तो ब्रँड वाटतो.

हा असा मी इतिहासात बुडालेला असताना शाखेत एक गोष्ट घडत होती, ती माझ्या लक्षात आली नाही.

आमचे शिपाईमामा मूळचे भोरकडचे. तीस वर्षं शाखेत. सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीनला ते कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून किटली भरून आणायचे. राजस्थानातून पुण्यात आलेल्या मंडळींनी रूढ केलेली ही दुकानं. पितळी पातेलं, पितळी खलबत्ता, आलं-वेलदोडा कुटल्याचा आवाज, मग फडक्यातून गाळलेली तांबूस धार. कोणाला साखर कमी, कोणाला अर्धाच, कोणाला उपास म्हणून दूध, हे सगळं मामांच्या डोक्यात. हिशेब एका चौकोनी वहीत. हल्ली मामा माझ्या टेबलापाशी थांबत नव्हते. पूर्वी व्हाउचरं न्यायला आले की दोन शब्द बोलायचे. आता व्हाउचरं उचलत आणि वळत. मी नमस्कार केला तर "हां" म्हणत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

उलगडा केला तो पासबुकवाल्या आजोबांनी. हे पेन्शनर आजोबा रोज अकराच्या सुमारास पासबुक भरायला येतात. खात्यात महिन्यातून एकदाच काहीतरी घडतं, पण ते रोज येतात, बाकावर बसतात, पंख्याखाली पेपर वाचतात आणि बाराला जातात. घरी कोणी नाही. एक दिवस पासबुक परत घेताना ते हळूच म्हणाले, "हल्ली तुमच्याकडे चहा बंद झाला का हो?"

मी मामांची वही मागून घेतली. वाणिज्य पदवीधराला ताळेबंद वाचायला दोन मिनिटं लागतात. अमृततुल्यवाला दहा कपांवर एक कप वर देत असे. आम्ही दहा जण. म्हणजे सकाळी दहा आणि वरचा एक, दुपारी दहा आणि वरचा एक. सकाळचा वरचा कप मामा आजोबांना नेऊन देत, दुपारचा दारावरच्या वॉचमनला. गेली कित्येक वर्षं. कोणाला सांगितलेलं नाही, वहीत कुठे लिहिलेलं नाही. आम्ही सात जण फुटलो. किटलीत राहिले तीन कप. तिनावर वर काही मिळत नाही. थोडे दिवस मामांनी आपल्या वाट्याचा अर्धा आजोबांना दिला होता. मग आजोबांनीच "मला हल्ली चहा सोसत नाही" म्हणून नाकारला.

मी त्याच दिवशी लगबगीने आजोबांना दार्जिलिंगचा कप नेऊन दिला. पहिल्या खुडणीचा, उत्तमातला. त्यांनी मान देऊन तो सगळा संपवला आणि काळजीने विचारलं, "ताप आहे का शाखेत कोणाला? काढा बरा झालाय." पीप्सच्या बायकोचा औषधवाला मला आठवला.

आता तुम्हाला पंचहौदचं प्रकरण सांगायला हवं. मी रोज त्या बाजूनेच बँकेत जातो. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्यासह चाळीसहून अधिक. मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. तिथे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, अत्यंत खट्याळ गृहस्थ. त्यांनी सगळ्यांची यादी वर्तमानपत्रात छापून टाकली! पुण्यात हलकल्लोळ झाला. ग्रामण्य, बहिष्कार, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशीला कमिशन. कोण म्हणे, आम्ही प्यालोच नाही. टिळकांनी सांगितलं, आपण काशीला जाऊन प्रायश्चित्त घेतलेलं आहे. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि सुधारकांनी त्याबद्दल त्यांनाच धारेवर धरलं. चहा पिऊन सनातनी रागावले, प्रायश्चित्त घेऊन सुधारक रागावले. पुण्यात चहा हे साधं प्रकरण कधी नव्हतंच.

आमच्या शाखेतही ग्रामण्य चालू होतं आणि बहिष्कृत मी आहे हे मला दोन महिने कळलं नव्हतं.

मी हेडकॅशियरांकडे गेलो. पिंजऱ्याच्या बाहेर उभा राहून सगळी कबुली दिली. त्यांनी नोटांची गड्डी पुरी मोजली, रबर लावलं आणि शंकराचार्यांच्या गांभीर्याने म्हणाले, "कमिशन बसवू." दुपारी शटर ओढल्यावर कमिशन बसलं. मॅनेजरसाहेब अध्यक्ष. पत्तीवाल्यांची नावं वाचली गेली. पासबुकवाल्या पोराने सांगितलं की त्याने कप नुसता हातात धरला होता. क्लिअरिंगवाले म्हणाले, आम्ही अमृततुल्यला जाऊन परस्पर प्रायश्चित्त घेतलेलं आहे, कटिंगसकट. लोन सेक्शनच्या ताई तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या: "मी प्याले, मला आवडला, आणि पैसे भरायला तयार आहे." निकाल असा लागला: सातही जणांनी मागच्या दोन महिन्यांचे पैसे मामांच्या वहीत भरावेत, सकाळ-दुपारचा चहा किटलीतलाच घ्यावा. तिसरा खण जप्त करू नये. फक्त सर्व्हर बंद असताना तो उघडावा, आणि सर्व्हर बंद असताना घेतलेला चहा हा चहा धरला जाणार नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आठवड्यातून किमान तीन वेळा दार्जिलिंग पिऊ शकतो. कधी कधी चार.

अमृततुल्यचा तो चहा पुन्हा घेताना मला आणखी एक गोष्ट वाचलेली आठवली. आपल्याकडे कचेरीत-कारखान्यात चहाची सुटी आणली ती चहावाल्यांच्या संघाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी गिरण्यांत, खाणींत, कारखान्यांत चहाच्या टपऱ्या उघडायला लावल्या, कामगारांना चहासाठी वेळ द्या म्हणून मालकांना पटवलं. चहा कसा करायचा याचे धडेही दिले: पत्ती भरपूर, दूध बेताचं. आपल्या चहावाल्यांनी धडा शांतपणे ऐकून घेतला, मग दूध वाढवलं, साखर वाढवली, आलं-मसाला टाकला आणि पत्ती कमी केली. संघवाले हळहळले, कारण त्यांची पत्तीच खपेना. पुढे १९३० च्या सुमारास आसामात पानं कापून, चिरडून, गोळी करणारं सीटीसी यंत्र निघालं. पत्ती स्वस्त आणि रंग झटकन, म्हणजे किटलीच्या सोयीचा. ज्या चहाला मी गेले दोन महिने अडाणी म्हणत होतो तो म्हणजे साहेबाच्या परिपत्रकाला हिंदी माणसाने दिलेलं खरमरीत उत्तर होतं. परिपत्रकांशी माझा रोजचा संबंध. आदराने मी पूर्ण कप घेतला.

आजोबा परत अकराला चहा पिऊ लागले. त्यांना आता चहा सोसतो. वॉचमनने मला सलाम ठोकायला सुरुवात केली आहे, पूर्वी तो फक्त मॅनेजरसाहेबांना ठोकायचा.

मामा मात्र लगेच निवळले नाहीत. पंधरा-वीस दिवस गेले. मग परवा दुपारी सर्व्हर गेला. ग्राहक आपापले कागद घेऊन बाकांवर बसले, मी कुलूप काढलं, किटली लावली. व्हाउचरं नसताना मामा टेबलापाशी आले आणि उभे राहिले.

"ह्योच का तो?"

"हाच. बसा मामा. घेता का?"

"द्या की. बघू तर, यवढं कशापायी भांडलो."

मी दुसऱ्या खुडणीचा डबा काढला. पाणी उतरवलं, पत्ती घातली, झाकली, तीन मिनिटं मोजली. एक अक्षर बोललो नाही. लोन सेक्शनच्या ताई कडेला येऊन उभ्या राहिल्या. पिंजऱ्यातून हेडकॅशियर बघत होते. मी पांढऱ्या कपात ओतला, सोनेरी, स्वच्छ, तळ दिसणारा, आणि दोन्ही हातांनी मामांपुढे ठेवला. मामांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. डोळे मिटले. आणखी एक घोट. मग बशी खाली ठेवून समाधानाने मान हलवली.

"पाणी झ्याक उकळलंय सायेब," मामा म्हणाले. "आता टाका की च्या."